जुन्या येझदीचा दम आणि बेंगळुरूच्या गल्ल्या

बेंगळुरूला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, एक दिवस म्हैसूरसाठी, आणि येताना सिल्कची साडी नि म्हैसूरपाक. पण तुमच्या घरी पार्किंगच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली एखादी जुनी जावा किंवा येझदी उभी असेल, तर या शहराचा आणखी एक नकाशा तुमच्या कामाचा आहे. त्यात बागा आणि राजवाडे नाहीत. त्यात पिस्टनची दुकानं आहेत, लेथ मशीनचा आवाज आहे, आणि जुनं इंजिन नुसतं ऐकून त्याची तब्येत सांगणारी माणसं आहेत.

वडिलांची किंवा आजोबांची गाडी पुन्हा सुरू करायची, म्हणून लोक या गल्ल्यांमध्ये येतात. एकदा इंजिन उघडलं की मग पुढचा प्रश्न हमखास निघतो. इंजिन उघडलंच आहे, तर थोडा दम वाढवून घ्यायचा का? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर ती गाडी पुढची वीस वर्षं चालणार की दुसऱ्याच महिन्यात जाम होणार, हे ठरतं. म्हणून चला, आधी बाजार पाहू आणि मग इंजिनात डोकावू.

येझदीचं माहेर

जावा हे नाव मूळचं चेक. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकलचा व्यवसाय घेतला आणि दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘जावा’ असं नाव ठेवलं. भारतात ती घरोघरी पोहोचली ती म्हैसूरमुळे. रुस्तम इराणी आणि फरोख इराणी यांनी तिथे ‘आयडियल जावा’ ही कंपनी काढली आणि १९६० पासून परवान्याखाली जावा तिथे तयार होऊ लागली. कारखान्याचं उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झालं. एके काळचे म्हैसूरचे महाराज आणि तेव्हाचे राज्यपाल. हे नाव लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात ते आपल्याला रस्त्याच्या पाटीवर भेटणार आहे.

१९७३ पासून गाडीचं नाव येझदी झालं. इराणी कुटुंबाची मुळं ज्या मुलखात, तिथल्या यझ्द शहरावरून हे नाव आलं. १९७८ मध्ये रोडकिंग आली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मधल्या काळात या गाडीने आपल्याकडेही घर केलं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव इथल्या कुठल्याही पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला विचारा. दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर, तो ठराविक आवाज, आणि ज्या दांड्याने किक मारायची त्याच दांड्याने गिअर टाकायचा, ही गंमत तो हाताने करून दाखवेल.

कारखाना म्हैसूरला असला, तरी जुन्या गाडीच्या पार्टसाठी आणि मशीनच्या कामासाठी लोक बेंगळुरूकडे वळतात. याला कारण आहे. १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट, १९४८ मध्ये आयटीआय, १९५१ मध्ये मायको, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल असे मोठमोठे कारखाने या शहरात एकामागून एक उभे राहिले. विमान, घड्याळ, टेलिफोन, स्पार्क प्लग. या सगळ्या कामांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब लागतो. या कारखान्यांभोवती छोटी वर्कशॉप वाढली, पुढे पीण्याची औद्योगिक वसाहत झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंप आणि ऑइल इंजिनांनी जसा हात तयार केला, तसाच हात इथे या कारखान्यांनी तयार केला.

जेसी रोड: जिथे सगळं मिळतं

टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंत जाणारा हा रस्ता. पूर्ण नाव जयचामराजेंद्र रोड. पाटी वाचली की आपले महाराज भेटलेच! ज्यांनी जावाच्या कारखान्याचं उद्घाटन केलं, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आज जावाचे पार्ट शोधायचे, हा योग मला फार आवडतो.

याच रस्त्यावर रवींद्र कलाक्षेत्र आहे, त्यामुळे संध्याकाळी नाटकाला आलेली मंडळी दिसतात. दिवसभर मात्र हा रस्ता मोटारींचा. सीट कव्हर, हॉर्न, आरसे, टायर अशी दुकानं समोर असतात. जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणारी दुकानं लहान, आत खोल आणि छतापर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरलेली. तिथे नुसतं ‘येझदीचा पिस्टन द्या’ म्हणून भागत नाही. मॉडेल कोणतं, सध्या पिस्टन कुठल्या मापाचा आहे, पिन किती, रिंग किती, हे सगळं विचारतात. म्हणून जुना पार्ट पिशवीत घेऊनच जा. हातात वस्तू ठेवली की भाषेची अडचण उरत नाही.

आणखी एक. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्या कंपनीने बाजारात परत आणलं. त्या गाड्या फोर स्ट्रोक आहेत. त्यांचे इंजिनाचे पार्ट आपल्या जुन्या टू स्ट्रोकला बसत नाहीत. दुकानदाराला ‘जुनी, म्हैसूरची’ असं आधीच सांगितलं की दोघांचा वेळ वाचतो.

बोलताना ‘अण्णा’ म्हणा. कानडीत अण्णा म्हणजे मोठा भाऊ, आणि आपल्यालाही हा शब्द परका नाही. ‘एष्टु’ म्हणजे किती. हिंदी बहुतेकांना कळतं. मराठीही अधूनमधून कानावर येते, कारण सीमाभागातली बरीच माणसं इथे कामाला आहेत.

एसजेपी रोड आणि शिवाजीनगर

टाऊन हॉलपासून चालत गेलं की एसजेपी रोड लागतो. बेअरिंग, ऑइल सील, नटबोल्ट, हत्यारं, मोटरी. जुन्या इंजिनाची बेअरिंग कंपनीचं खोकं न शोधता नुसत्या नंबरवरून इथे मिळते. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो लिहून घ्या. ऑइल सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी असे तीन आकडे असतात. ही दोनतीन वाक्यं वाचून कंटाळा आला असेल, तर थांबा. ही पन्नास-शंभर रुपयांची रबरी चकतीच पुढे आपल्या गोष्टीतली मोठी भूमिका करणार आहे.

शिवाजीनगर म्हटल्यावर पुणेकरांना आपलंच वाटेल. इथलं शिवाजीनगर रसेल मार्केटच्या भोवती आहे. आसपासच्या गल्ल्यांमध्ये जुन्या गाड्या खोलून त्यांचे भाग विकणारी दुकानं, म्हणजे इथल्या भाषेत ‘गुजरी’. मूळ कंपनीचा टाकीचा बिल्ला, स्पीडोमीटरची काच, हँडलचा क्लॅम्प असलं कुठेच न मिळणारं काही इथे अचानक सापडतं. पण इथे डोळे उघडे ठेवा. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. नंबर असलेलं केस विकत घेतलं, तर ते कोणाचं, त्याचे कागद कुठे आहेत, हे विचारायलाच हवं. खाडाखोड केलेला नंबर दिसला तर स्वस्त मिळतंय म्हणून मोहात पडू नका. बिल मागा. बिल नसेल तर नंबर नसलेल्याच वस्तू घ्या.

आधी हरवलेला दम शोधा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘दम वाढवून द्या’ असं सांगितल्यावर चांगला मेकॅनिक आधी विचारतो, की सध्या गाडीत मूळचा दम तरी आहे का?

हा प्रश्न फार महत्त्वाचा. चाळीस वर्षं वापरलेली गाडी कंपनीने दिलेली ताकद टिकवून नसते. ती कुठेकुठे गळलेली असते. आणि तो गळका भाग न शोधता वरून नवा मोठा कार्ब्युरेटर बसवणं, म्हणजे फुटक्या हंड्यात जास्त पाणी ओतणं.

टू स्ट्रोक इंजिनात हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच झाला. पंप हवाबंद असायला हवा. क्रँकच्या दोन टोकांना ती रबरी सील असतात. डायनॅमोच्या बाजूचं सील कडक होऊन फाटलं की बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणातलं पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर तिकडचं ऑइल आत येतं आणि गाडी धुराचे लोट सोडते. म्हणून चांगल्या वर्कशॉपमध्ये इंजिनाची सगळी तोंडं बंद करून हलका हवेचा दाब भरतात आणि काही मिनिटं तो टिकतो का पाहतात. ही चाचणी करतो का, हे मेकॅनिकला विचारा. उत्तरावरून माणूस कळेल.

दुसरी जागा सायलेन्सर. टू स्ट्रोक गाडी ऑइल जाळते, त्याची काजळी वर्षानुवर्षं सायलेन्सरच्या आतल्या नळीवर आणि सिलिंडरच्या धूर बाहेर जाण्याच्या छिद्रावर साचते. धूर बाहेर जायला वाट नसेल, तर ताजी हवा आत येणार कशी? सायलेन्सर काढून काजळी साफ केली की गाडी नवी झाल्यासारखी पळते, आणि लोकांना वाटतं मेकॅनिकने काहीतरी जादू केली.

तिसरी जागा ठिणगी. या गाड्यांना ६ व्होल्टचा डायनॅमो, पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट झिजले की टायमिंग सरकतं, कंडेन्सर म्हातारा झाला की ठिणगी पिवळी पडते. चौथी जागा कार्ब्युरेटर. मूळच्या जिकोव्ह कार्ब्युरेटरची स्लाइड झिजली की गाडी उभ्याउभ्या नीट चालत नाही, मग कितीही स्क्रू फिरवा.

पाचवी आणि सगळ्यात खर्चिक जागा क्रँक. तो वेगवेगळे भाग दाबून एकत्र केलेला असतो. कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंग बदलायचं, तर तो प्रेसवर उघडावा लागतो, आणि पुन्हा जोडल्यावर दोन्ही टोकं एका रेषेत आहेत का ते डायल गेज लावून पाहावं लागतं. सूत भर इकडेतिकडे चालत नाही. बेंगळुरूत ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या, हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. बसमध्ये ते ठीक आहे, क्रँकच्या बाबतीत नाही.

या पाच गोष्टी नीट झाल्या, की निम्म्याहून जास्त लोकांचा ‘दम वाढवायचा’ हट्ट आपोआप मावळत असणार, असं मला वाटतं. कारण त्यांना हवी असलेली गाडी हीच असते. फक्त ती कशी पळायची, हे घरात कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

रिबोअरने किती वाढतं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. सिलिंडर झिजला की तो आतून थोडा मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकतात. पिस्टन पाव पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे मिळतात. बोअर वाढला, म्हणजे सीसी वाढला, म्हणजे ताकद वाढली असं अनेकांना वाटतं.

हिशोब करून पाहू. येझदी २५० चा बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. बोअर पूर्ण १ मिलिमीटरने वाढवून ६६ केला, तरी इंजिन जेमतेम ८ सीसीने वाढतं. म्हणजे शेकडा ३. मागे बसलेल्या माणसाने जेवण जास्त केलं, तर तेवढा फरक तिथेच संपला! उलट, प्रत्येक रिबोअरने सिलिंडरची भिंत पातळ होते आणि पुढच्या दुरुस्तीची एक संधी कमी होते. म्हणून नियम साधा आहे. सिलिंडर साफ करायला जेवढं काढावं लागेल तेवढंच काढा. पाव मिलिमीटरमध्ये भागत असेल, तर ताकदीच्या आशेने एकदम एक मिलिमीटर काढू नका.

मग ताकद वाढते कशी? कंपनीनेच ते करून दाखवलं आहे. सुरुवातीच्या जावा २५० ची ताकद १२ अश्वशक्ती होती, रोडकिंगची १६. बोअर आणि स्ट्रोक तेच. म्हणजे शेकडा ३३ वाढ झाली ती आकार न वाढवता, इंजिनाचा श्वास सुधारून. सिलिंडरच्या भिंतीत ज्या खिडक्या असतात, ज्यांना पोर्ट म्हणतात, त्यांचा आकार आणि उंची, कार्ब्युरेटर, धूर बाहेर नेणारी नळी, यांत टू स्ट्रोकची खरी ताकद आहे.

पोर्ट घासण्याआधी

आता इथे मोह सुरू होतो. धुराची खिडकी थोडी वर घासली, की ती लवकर उघडते आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर जास्त ताकद देतं. पण त्याच वेळी खालच्या फेऱ्यांवरची ओढ कमी होते. बेंगळुरूचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. सिल्क बोर्ड चौकात दुसऱ्या गिअरवर रांगत जाणाऱ्या गाडीला वरची ताकद काय कामाची? तिथे हवी असते ती खालची ओढ, आणि येझदीची मुळात ओळखच ती आहे.

दुसरं असं, की येझदीचा स्ट्रोक लांब. पिस्टनला प्रत्येक फेरीत ७५ मिलिमीटर वर आणि ७५ मिलिमीटर खाली जावं लागतं. मिनिटाला ४,७५० फेऱ्यांवर पिस्टन सरासरी सेकंदाला जवळजवळ १२ मीटर धावतो. फेऱ्या शेकडा २० ने वाढवल्या, तर कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवरचा झटका शेकडा २० ने वाढत नाही, तो शेकडा ४४ ने वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. आणि हा झटका सोसायचा आहे चाळीस वर्षांच्या रॉडला. यामाहा आरडी ३५० चा स्ट्रोक ५४ मिलिमीटरचा. म्हणून तिला वरच्या फेऱ्या मानवतात. आरडीवर चाललेली युक्ती येझदीवर चालेलच असं नाही, त्याचं कारण हे.

तिसरी गोष्ट जेटची. कार्ब्युरेटर मोठा बसवला किंवा सायलेन्सर बदलला, की पेट्रोल सोडणारं जेटही बदलावं लागतं. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी गेलं, म्हणजे ऑइलही कमी गेलं. इंजिन एकाच वेळी जास्त तापतं आणि कोरडंही पडतं. मोकळ्या रस्त्यावर मूठ पूर्ण पिळलेली असताना पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक थांबतं. म्हणून कुठलाही बदल केल्यावर प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर गाडी घरी न्या.

सिलिंडरच्या हेडमध्येही लोक प्रयोग करतात. हेड घासून दाब वाढवणं हा जुना उपाय. म्हैसूरचेच सोमेंदर सिंग यांनी वेगळी वाट काढली. हेडच्या कडेच्या सपाट पट्टीत खाचा पाडायच्या, म्हणजे मिश्रण चांगलं ढवळलं जाऊन नीट जळेल, अशी ही कल्पना. २००१ मध्ये त्यांना तिचं अमेरिकन पेटंट मिळालं. मोठ्या कंपन्यांनी ती सरसकट उचलली नाही, पण हौशी मंडळी आजही त्या खाचांवर तासन्‌तास वाद घालतात. मला यात एवढंच जाणवतं, की या भागात इंजिनाचा विचार फक्त दुरुस्तीपुरता थांबला नाही.

परत फिरता येईल असाच बदल

तुम्हाला तरीही बदल करायचा असेल, तर एक कसोटी लावा. हा बदल उद्या उलटा करता येईल का? ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. ठिणगी दमदार होते, दिवा नीट पडतो, आणि जुना डायनॅमो कापडात गुंडाळून ठेवला तर केव्हाही परत बसतो. वेगळा कार्ब्युरेटर बसवला, तर जिकोव्ह डब्यात राहतो. हे चालेल. पण घासलेला पोर्ट भरता येत नाही, घासलेलं हेड वाढवता येत नाही. तसा प्रयोग करायचाच असेल तर बाजारातून दुसरा सिलिंडर घ्या, त्यावर करा, आणि घरचा मूळ सिलिंडर ऑइल लावून जपून ठेवा.

इंजिनाआधी ब्रेक पाहा, हेही सांगायला हवं. जुन्या गाडीला दोन्ही चाकांत ड्रम ब्रेक. वेग ताशी ६० वरून ८० झाला, तर थांबायला लागणारं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं. ब्रेकचे लायनर, टायर, चाकाचे आरे आणि स्टेअरिंगच्या बेअरिंग नव्या केल्याशिवाय वाढलेला दम वापरायचा कुठे? ज्यांना खरोखर वेगच हवा, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे असे ट्रॅक आहेत. रिंग रोड त्यासाठी नाही.

कागद काय म्हणतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मापांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठा आवाज करणारा सायलेन्सर तर चौकातल्या पोलिसाला दिसायच्या आधी ऐकू येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. आता हिशोब करा. १९७० च्या आसपासची जावा आजच ५० च्या पुढे गेली आहे. १९७८ ची रोडकिंग थोड्याच वर्षांत जाईल. आज हौसेने इंजिन बदलून टाकलं, तर नेमका तोच मान ती गाडी गमावून बसेल. विंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला न्यायला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल अशाच कारणांसाठी चालते. त्यामुळे कोणती नोंदणी हवी, हे घरच्यांनी बसून आधी ठरवा आणि मग इंजिन उघडा.

मद्दूर वडा आणि रनिंग

इंजिन तयार झालं की आता खरी सफर. नव्या पिस्टनला सिलिंडरशी जुळवून घ्यायला पहिले ५०० किलोमीटर तरी सांभाळून चालवावं लागतं. मूठ पूर्ण पिळायची नाही, एकाच वेगाने तासन्‌तास जायचं नाही, आणि तापलं की थांबायचं. यासाठी बेंगळुरू ते म्हैसूर हा जुना रस्ता मला सगळ्यात योग्य वाटतो. साधारण १४५ किलोमीटर.

लक्षात ठेवा, नव्या एक्स्प्रेस वेच्या मुख्य मार्गावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. बाजूच्या सर्व्हिस रोडने जायचं. आपल्याला तेच हवं आहे. बिडदी सोडलं की रामनगरचे काळे खडक दिसतात, ‘शोले’ याच खडकांत घडला. तिथे पाच मिनिटं थांबा, इंजिन गार होऊ द्या. पुढे चन्नपट्टण, लाकडी खेळण्यांचं गाव. मुलांसाठी खेळणं घ्या, प्लग काढून पाहा. मग मद्दूर. इथला वडा आपल्या बटाटेवड्यासारखा नाही. तो चपटा, खुसखुशीत आणि कांद्याचा. तो खाईपर्यंत इंजिन पुरेसं गार होतं. मग मंड्याचा ऊस, श्रीरंगपट्टण, आणि म्हैसूर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्या शहरातून ही गाडी बाहेर पडली, तिथे ती स्वतःच्या चाकांवर परत येते.

जाण्याआधी

महाराष्ट्रातून अख्खी गाडी न्यायची असेल तर रेल्वे पार्सलने जाते. टाकी पूर्ण रिकामी हवी, आरसी आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. पण नुसतं बोअरचं काम असेल, तर सिलिंडर, हेड आणि पिस्टन घरच्या मेकॅनिककडून काढून घेऊन बॅगेत नेले तरी भागतं. वजन होतं, पण पैसे वाचतात.

जेसी रोडला मेट्रोने केआर मार्केट किंवा नॅशनल कॉलेज स्टेशनवर उतरून जाता येतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून कामाचा दिवस निवडा. दुपारी मिनर्व्हा सर्कलवरून लालबागेच्या दिशेला चालत गेलात, तर १९२४ पासूनचं एमटीआर लागतं. रवा इडली खा. घरच्यांना लालबागेत सोडून तुम्ही पुन्हा बाजारात जायला मोकळे.

वर्कशॉपमध्ये गाडी देण्याआधी इंजिन नंबर, चासी नंबर आणि प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवा. काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. काढलेले जुने पार्ट परत मागा, अगदी झिजलेला पिस्टनसुद्धा. आणि सिलिंडर आता कोणत्या मापाला आहे, कोणतं जेट लावलं, कोणत्या नंबरचं सील टाकलं, हे एका वहीत लिहा. ती वही आरसीच्या पाकिटात ठेवा. दहा वर्षांनी तुमची मुलगी किंवा मुलगा ही गाडी उघडेल, तेव्हा कंपनी नसेल, कदाचित आजचा मेकॅनिकही नसेल. ती वही असेल.

जमलंच तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी बेंगळुरूत असा. तो जगभर जावा दिवस म्हणून पाळला जातो, आणि त्या सकाळी या शहरात शेकडो जुन्या जावा-येझदी एकत्र निघतात. तिथे सगळ्यात वेगवान गाडी कोणाची, हे फारसं कोणी विचारत नाही. इंजिन मूळचं आहे का, हे मात्र प्रत्येक जण वाकून पाहतो.